मानेसाठी की मानासाठी?

मराठी भाषेने आपली एक मोठी सोय करून ठेवली आहे. डोकं आणि धड यांना जोडणाऱ्या अवयवाला ती ‘मान’ म्हणते, आणि लग्नात वरपक्षाला जो कमी पडतो त्यालाही ‘मान’च म्हणते. पहिली मान स्त्रीलिंगी, दुसरा मान पुल्लिंगी, एवढाच काय तो फरक. तेव्हा माणूस गळ्याभोवती जे जे काही गुंडाळतो ते मानेसाठी की मानासाठी, हा प्रश्न मराठी माणसाला जितक्या सहज पडावा तितका इतर कोणाला पडणार नाही. तसा तो आजवर मलाही पडला नव्हता. मी पडलो बँकेतला कारकून. आमच्या मानेला वर्षानुवर्षं एकच व्यायाम, काउंटरवरून वर बघणं आणि पुन्हा खाली घालणं. मानाचं म्हणाल तर तो मार्चअखेरीस मिळाला तर मिळाला.

प्रश्न निघाला तो एका मफलरमुळे. मफलर म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. मफलरला दोन टोकं असावीत, एक पुढे लोंबावं, एक मागे जावं, आणि बसमध्ये शेजारच्याच्या तोंडाला लागावं, ही आपली साधी समजूत. याला टोकच नाही! लोकरीचं विणलेलं एक भलंथोरलं कडं. ते डोक्यातून घालायचं, समोर पीळ देऊन इंग्रजी आठाचा आकडा करायचा आणि उरलेला फेरा पुन्हा डोक्यातून घ्यायचा. फॅशनच्या भाषेत याला ‘इन्फिनिटी स्कार्फ’ म्हणतात, म्हणजे आपला अनंत मफलर. परदेशात २०१० च्या आसपास त्याचा मोठा जोर होता. पण आमच्या शाखेपर्यंत कोणतीही फॅशन पोचते ती मुदत संपलेल्या ठेवीसारखी. पावती जुनी झालेली असते आणि मधल्या काळाचं व्याजही मिळत नाही.

मला हा मफलर विकत घ्यावा लागला नाही. तो नाशिकहून आत्याने विणून पाठवला. आत्याचं वय शहात्तर. नातीने तिला मोबाइलवर चित्र दाखवलं, आत्याने चष्मा कपाळावर चढवून ते निरखलं, ‘‘यात काय आहे एवढं?’’ म्हणाली आणि माळ्यावरून सुयांचा डबा काढायला लावला. मफलरबरोबर तिची दोन ओळींची चिठ्ठी होती. ‘‘तुझ्या बँकेत फार गार असतं म्हणे. घालत जा.’’ आता हा आपला देश असा आहे की इथे वडीलधाऱ्यांनी ‘घालत जा’ म्हटलं की वास्तविक विषय संपायला हवा. पण मी कॉमर्सचा पदवीधर. व्हाउचर पासिंगला आलं की दोन्ही बाजू तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे अंगात भिनलेलं. तेव्हा ही फॅशन गळ्यात घालण्याच्या लायकीची आहे की नाही, याचा मी रीतसर विचार करायला घेतला.

पहिला आक्षेप हवामान खात्याचा. मुंबई आणि तिची उपनगरं यांत लोकरीचं काम काय? मुंबईत सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सगळ्यांत कमी तापमान ७.४ अंश, आणि ते २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे ज्या एका दिवशी मुंबईकराला खरोखर मफलर लागला असता, तो दिवस माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच होऊन गेला. निफाडकडे पारा एक आकडी होतो, द्राक्षवाले बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. तिथे मफलर ही गरज आहे. आमच्याकडे डिसेंबरात एखाद्या पहाटे पंखा तीनवरून दोनवर आणला की लोक एकमेकांना ‘‘काय थंडी पडलीय!’’ असं आनंदाने सांगतात.

पण हा आक्षेप टिकत नाही. कारण आता ऋतू आकाशात नसतात, छतात असतात. आमच्या शाखेतल्या एसीचं तोंड नेमकं माझ्या काउंटरवर आहे. बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असतं, आणि आत मी बोटं चोळत पासबुकं छापत असतो. तापमान वाढवा म्हणावं तर साहेबांच्या केबिनमध्ये उकडतं. एकाच छताखाली साहेब उष्ण कटिबंधात आणि मी ध्रुवाजवळ. शाळेत भूगोलाच्या बाईंनी कटिबंध अक्षांशावर ठरतात असं शिकवलं होतं. ते हुद्द्यावर ठरतात. तेव्हा मानेपुरता निकाल सरळ आहे, मफलर हवा. शिवाय लोकरीचा स्वभाव मला आमच्या धंद्याचा वाटतो. लोकर स्वतःची ऊब देत नाही. तंतूंच्या मध्ये हवा अडवून ती तुमच्याच अंगची ऊब तुमच्याजवळ राखून ठेवते. आम्ही तरी दुसरं काय करतो? तुमचेच पैसे तुम्हाला परत देतो आणि वर सही मागतो.

दुसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीतून निघाली. गळ्यातल्या लांबलचक रेशमी स्कार्फचं टोक चाकात अडकलं आणि ती गेली. आपल्याकडे दुचाकीच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असतं ते उगीच नव्हे. पण इथेच आत्याच्या मफलरची बाजू भक्कम होते. ज्याला टोकच नाही ते अडकणार कुठून? गर्दीच्या लोकलमध्ये ज्या माणसाचं एकही टोक लोंबत नाही, तोच ठाण्याला धडपणे उतरतो.

मानेचा हिशेब असा जमेला आला. आता मानाचा. खरी कटकट इथेच आहे.

शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘गरज म्हणून घाला हो, पण साधा घाला. हे फॅशनचं सोंग कशाला? या वयात?’’ ‘या वयात’ हे दोन शब्द चाळिशीनंतर माणसाला पेन्शनच्याही आधी मिळू लागतात. पण त्यांच्या मुद्द्यात दम होता. फॅशन करणारा माणूस हा मेंढरू असतो, पुढचं जिकडे जाईल तिकडे मागचं. आणि इथे तर कापडही मेंढराचंच! मग सद्‌गृहस्थाने गळ्यात काही घालायचं तर ते उपयोगापुरतंच घालावं का?

मी म्हणतो, उपयोगापुरतंच घालायचं असतं तर मराठी संस्कृतीचं निम्मं कपाट रिकामं झालं असतं. खांद्यावरच्या उपरण्याने आजवर कोणाची थंडी वारली आहे? त्याने पाऊस अडत नाही, ऊन अडत नाही आणि ते सावरण्यात एक हात कायमचा अडकतो. तरी ते नसलं तर लग्नातला मामा मामा वाटत नाही. बरं, ते जुनं म्हणून सोडून देऊ. शाल-श्रीफळाचं काय? मे महिन्यात, पंखे बंद पडलेल्या सभागृहात, घामाने निथळणाऱ्या सत्कारमूर्तीच्या अंगावर आपण जी शाल पांघरतो ती काय त्याला हुडहुडी भरली आहे म्हणून? त्या शालीने मान भिजते आणि मान वाढतो. सत्कारमूर्ती ती पाच मिनिटांत घडी करून बायकोकडे देतो. पण त्या पाच मिनिटांत कोणी ‘‘हवामान पाहता शाल अनावश्यक आहे’’ असं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणजे पांघरण्याचा उपयोग ऊब एवढाच नव्हे, हे आपण सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. फक्त आत्याच्या मफलरची पाळी आली की आपल्याला थर्मामीटर आठवतो.

या बाबतीत विद्वानांचं मत घ्यावं म्हणून मी पुस्तकांकडे वळलो. अर्थशास्त्राच्या तासाला व्हेब्लेन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ भेटले होते. त्यांनी १८९९ साली एक पुस्तक लिहून श्रीमंतांचं पितळ उघडं पाडलं. माणूस महागाची वस्तू वापरतो ती गरजेसाठी नव्हे, चारचौघांना दिसावी म्हणून, हा त्यांचा सिद्धांत. त्यात ते हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचं उदाहरण देतात. यंत्राच्या स्वस्त चमच्यानेही सूप तितकंच पोटात जातं, मग हातचा चमचा आपल्याला सुंदर का वाटतो? तर पुष्कळसा तो महाग असतो म्हणून. हे वाचून मी माझ्या मफलरकडे जरा संशयाने पाहिलं. ‘‘हाताने विणलेला आहे हो’’ हे वाक्य आठवड्यात तीनदा तरी माझ्या तोंडून गेलं होतं.

जर्मनीचे झिमेल यांनीही फॅशनवर निबंध लिहिला आहे. तो १९०४ साली इंग्रजीत छापून आला. ते जरा दयाळू. ते म्हणतात, माणसाला एकाच वेळी चारचौघांसारखंही दिसायचं असतं आणि चारचौघांहून वेगळंही, आणि या दोन्ही हौशी एकाच वस्तूत भागवायची युक्ती म्हणजे फॅशन. हे मला पटलं. शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ वीस वर्षं एकच तपकिरी चौकटीचा मफलर वापरतात आणि ‘‘आम्ही नाही बुवा फॅशन करत’’ असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. त्यांचा तो मफलर ही सबंध शाखेतली सर्वांत ठसठशीत फॅशन आहे. फॅशनपासून सुटका नाही. करा तरी ती आहे, न करा तरी ती आहे. तेव्हा फॅशनचं आहे म्हणून वाईट, हे कलम मी रद्द केलं.

आता खुद्द वस्तूकडे या. विणकाम ही काय चीज आहे याचा आपण पुरुष कधी विचारच करत नाही. कापड विणतात त्यात उभे-आडवे शेकडो धागे असतात. सुयांवरच्या विणकामात धागा मुळात एकच. तोच स्वतःच्या गळ्यातून स्वतःला ओढून घेत पुढे जातो. एक टाका सुटला की थेट खालपर्यंत शिडी लागते. टाकेही दोनच, एक सुलटा आणि एक उलटा. एका अंगाला सगळे सुलटे आणि दुसऱ्या अंगाला सगळे उलटे आले की कापडाच्या कडा आपोआप गुंडाळतात, कितीही इस्त्री करा. तेच सुलट्याशेजारी उलटा, उलट्याशेजारी सुलटा असं विणत गेलं की कापड सपाट राहतं. बायका हे पिढ्यान्‌पिढ्या ओट्यावरचं दूध उतू जाऊ न देता विणत आल्या. पुरुषांनी एवढं तत्त्व शोधून काढलं असतं तर त्यावर तीन खंड लिहिले असते.

आत्याच्या मफलरची आणखी एक गंमत आहे. पट्टी विणून झाल्यावर तिने टोकं सरळ जोडली नाहीत, मध्ये अर्धा पीळ दिला. पूर्वी गोल स्वेटर विणताना जोडणीत असा पीळ पडला की ‘‘अगं बाई!’’ म्हणून सगळं उसवावं लागे. आता त्याच पिळाला फॅशन म्हणतात. या आकाराला गणितात मोबियसची पट्टी म्हणतात. १८५८ साली मोबियस नावाच्या जर्मन गणितीने तिचा अभ्यास केला. हिला बाजू एकच. बाहेरच्या अंगावर बोट ठेवून सरकवत न्या, न उचलता ते आतल्या अंगावर जातं आणि पुन्हा निघाल्या जागी येतं. माझ्यासारख्याला हा मोठाच धक्का. आमचं सगळं जग नावे आणि जमा या दोन बाजूंवर उभं आहे. इटलीच्या पाचोलीने १४९४ साली द्विनोंदी पद्धत छापली तेव्हापासून जगातल्या कोणत्याही हिशेबनिसाला एकबाजूचं खातं दिसलेलं नाही. ते मला आत्याने पोस्टाने पाठवलं.

सवयीप्रमाणे मी त्याची किंमत काढायला बसलो. मजुरी: रोज दोन तास, सव्वीस दिवस, म्हणजे बावन्न तास. तासाला पन्नास रुपये, हा दर इतका कमी की आत्याची युनियन असती तर तिने मोर्चा काढला असता, तरी दोन हजार सहाशे रुपये झाले. वरखर्च: चहा, चष्म्याची एक काडी, नातीची करमणूक. बाजारभाव: स्टेशनबाहेर हातगाडीवर असाच दिसणारा मफलर अडीचशे रुपयांना, घासाघीस केली तर दोनशे. कॉमर्सच्या कोणत्याही पुस्तकाप्रमाणे हा कारखाना आजच्या आज बंद करायला हवा.

कच्च्या मालाच्या रकान्यात मात्र लेखणी अडली. म्हणून मी आत्याला फोन केला. ‘‘लोकर कितीची आणलीस गं?’’

‘‘लोकर कुठली आणायची?’’ आत्या म्हणाली. ‘‘ह्यांचा मोरपंखी स्वेटर उसवला.’’

आतोबांचा मोरपंखी स्वेटर मला चांगला ठाऊक आहे. तो आत्याने १९८८ च्या हिवाळ्यात विणला. मी तेव्हा सुट्टीत नाशिकला होतो आणि समोरासमोर धरलेल्या दोन्ही हातांवर लोकरीची लडी घेऊन तासन्‌तास बसण्याचं काम माझ्याकडे होतं. मध्येच नाक खाजलं तर ते काम आतोबा करत. पुढे तीस वर्षं तो स्वेटर घालून ते पहाटे दूध आणायला गेले. कोपरं विरली, गळा सैलावला, पण स्वेटर बदलला नाही. आतोबा जाऊन आता दोन वर्षं होतील. स्वेटर कपाटात होता. आत्याने तो उसवला, लडी करून धुतली, वळ्या पडलेला धागा सरळ व्हावा म्हणून खाली पाण्याचा तांब्या बांधून दोरीवर वाळवला, विरलेली कोपरं टाकून दिली आणि राहिलेली लोकर संपेपर्यंत विणत गेली. मफलर एवढा लांब का, याचं उत्तर मला फोनवर मिळालं.

विलायतेत ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या नायकाचा स्कार्फ असाच गाजला. १९७४ साली विणणाऱ्या बाईंना पुष्कळ रंगांची लोकर दिली होती, आवडेल ती घ्या म्हणून. बाईंनी सगळीच विणून टाकली! नायकाला तो पायघोळ स्कार्फ इतका शोभला की तीच त्याची ओळख झाली. विणणाऱ्या हातांना शिल्लक ठेवायला आवडत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

तर कच्चा माल. १९८८ ची खरेदी, घसारा पूर्ण, पुस्तकी किंमत रुपया एक. आमच्याकडे जी वस्तू हिशेबाने संपली पण अजून कामात आहे, ती रुपया किमतीने वहीत ठेवतात. म्हणजे ती आहे, एवढं तरी वहीला ठाऊक असावं. नियम करणाऱ्याच्या मनात काय होतं ते असो, पण मला तो नियम त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

आणि तिथेच व्हेब्लेनसाहेबांचंही उत्तर मिळालं. त्यांच्या चांदीच्या चमच्याचा कारागीर कोण, हे चमचा मिरवणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्याला करायचंही नसतं. त्याला फक्त किंमत दाखवायची असते. ज्या वस्तूमागचा माणूस आपल्याला माहीत नाही, तिचा मान आपण स्वतःकडे घेतो. माहीत असला की तो मान त्याच्याकडे जातो, आपण नुसते खुंटीचं काम करतो. तेव्हा मफलर घालावा की नाही हे विणीवरून ठरत नाही, पिळावरून नाही आणि फॅशनच्या सालावरून तर नाहीच. आपण तो कोणाच्या वतीने घालतो, एवढं विचारावं. स्वतःच्या वतीने घालणाऱ्याला आरसा पुरतो. दुसऱ्याच्या वतीने घालणाऱ्याला तो रोज घालावा लागतो. त्याची गळा खाजण्याचीही तयारी हवी, कारण आतोबांची लोकर ही काही मेरिनो नव्हे.

शिवाय व्यवहाराचा एक मुद्दा आहेच. दर रविवारी आत्याचा फोन येतो. ती तब्येत विचारत नाही, बढती विचारत नाही. ती म्हणते, ‘‘घालतोस ना रे?’’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं अगदी सोपं आहे, तिथून तिला दिसणार थोडंच? पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळणारा माणूस. नमुन्याशी न जुळणारा ‘हो’ माझ्याच्याने पास होत नाही. तो जुळवायचा एकच मार्ग आहे आणि तो डोक्यातून घालून, आठाचा आकडा करून, पुन्हा डोक्यातून घ्यायचा असतो.

आता ग्राहक विचारतात, ‘‘काय हो, घसा धरलाय का?’’ मी म्हणतो, ‘‘नाही, फॅशन आहे.’’ लोक हसतात आणि त्यांचं टोकन पुढे सरकतं. परवा पासिंग ऑफिसर बाईंनी तो जवळून पाहिला, उलट बाजू शोधली, सापडली नाही तेव्हा आणखी जवळून पाहिला आणि विचारलं, ‘‘तुमच्या आत्याबाई ऑर्डर घेतात का?’’

मी ‘नाही’ म्हटलं. आतोबांचे स्वेटर एकूण चारच होते. एकाचा माझा मफलर झाला, दुसरा सध्या सुयांवर आहे, आणि उरलेल्या दोघांवर घरातल्या इतर मानांनी आधीच नंबर लावले आहेत.